भट्टीकाकांचा उजवा हात

चाळीस वर्षं पाव भाजले, पण भट्टीकाकांनी भट्टीला कधी थर्मामीटर लावला नाही. उजवा हात भट्टीच्या तोंडाशी धरायचा आणि मनात आकडे मोजायचे. आठपर्यंत हात टिकला तर पाव आत ढकलायचे, पाचालाच चटका बसला तर थांबायचं. लोक हसायचे, पण काकांचा पाव कधी करपला नाही. म्हणून लेकीनं बाळाच्या आंघोळीसाठी पाण्यात तरंगणारा थर्मामीटर आणून दिला, तेव्हा काकांनी तो जपून कपाटात ठेवला.

“हा हात काय शोभेला आहे?” ते म्हणाले.

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि लेकीची रजा संपली. ती प्रयोगशाळेत नोकरीला होती. काकू असत्या तर प्रश्नच नव्हता. पण त्यांना जाऊन दहा महिने झाले होते, नातीचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. लेक-जावयानं पाळणाघर बघून ठेवलं. काका अडून बसले. “महिनाभर माझ्याकडे ठेवून बघा. नाही जमलं तर मी स्वतः तिला पाळणाघरात पोचवीन.”

नातीला ते गोटी म्हणायचे, कारण ती सगळीकडून गोल होती. तीन आठवडे दोघांचं मेतकूट छान जमलं. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, ते आता गोटीच्या मागे धावत होतं.

चौथ्या आठवड्यात काकांचं उजवं मनगट सुजलं. दिवसभर पोरीला उचलायचं, दुसरं काय होणार! पण सांगितलं की पाळणाघर, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लांब बाह्यांचा सदरा चढवला आणि तोंड मिटलं.

नेमकी तेव्हापासून गोटी आंघोळीला रडू लागली. एरवी पाण्यावर थापट्या मारणारी पोर टबात टेकवली की टाहो फोडायची. काका पाण्यात हात घालून बघायचे, तर चटका! मग एक मग गार पाणी. तरी चटका. आणखी एक मग.

“रागावलीस का गं माझ्यावर?” ते तिला विचारायचे. “तुझ्या आजीला जमलं असतं बघ.”

गुरुवारी प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं आणि लेक दुपारीच घरी आली. रडणं जिन्यातच ऐकू आलं. ती धावत न्हाणीघरात शिरली आणि टबात हात घातला.

“बाबा! गार पाणी आहे हे!”

“गार? अगं, पोळतंय मला. अजून एक मग ओतणार होतो.”

लेकीनं गोटीला उचलून टॉवेलात गुंडाळलं. पोरीचे ओठ कापत होते. लेक वडिलांकडे एकटक बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा, आज वार कोणता?”

“गुरुवार. काल बुधवार होता, उद्या शुक्रवार. माझं डोकं ठिकाणावर आहे, शहाणे!”

“मग हात दाखवा.”

“हाताला काय झालंय?”

“बाही वर करा म्हणते ना!”

काकांनी बाही वर केली. मनगट फुगलेल्या कणकेसारखं झालं होतं, वर लाली. लेकीनं आधी कपाळाला हात लावला आणि मग ती हसायलाच लागली.

“अहो, मी दिवसभर याच्यावरच तर काम करते! आपल्या नसांच्या टोकांना बारीक बारीक दारं असतात. त्यातलं एक उष्णतेचं. साधारण त्रेचाळीस अंशांवर ते उघडतं आणि मेंदूला वर्दी जाते, पोळलं म्हणून. मिरचीनंही तेच उघडतं, म्हणून तर तोंड भाजल्यासारखं होतं.”

“बरं, मग?”

“सूज आली की तिथं जी रसायनं जमतात, ती या दाराची कडी सैल करतात. मग कोमट पाण्यानंही ते उघडतं.”

“म्हणजे हात खोटं बोलला?”

“हात स्वतःचं दुखणं सांगत होता. तुम्ही ते पाण्याचं समजलात.”

काकांना ते पटेना. लेकीनं कपाटातून थर्मामीटर काढला आणि सदतीस अंशांचं पाणी केलं. काकांनी दोन्ही हात बुडवले. डावा मजेत राहिला, उजवा झटक्यात बाहेर आला.

“काय गंमत आहे! एकाच घरचे दोन भाऊ आणि दोघांची दोन तोंडं.”

पण हसू टिकलं नाही. ते स्टुलावर बसले. “चार दिवस पोरीला गार पाण्यात बसवली मी. ठरलंय तसं करू. उद्या मीच तिला पोचवतो.”

“गार पाण्याचा राग नाही आला मला,” लेक म्हणाली. “हात लपवलात त्याचा आला. आईनंही असंच केलं. पोटात दुखतंय हे सहा महिने कुणाला कळू दिलं नाही तिनं.”

“आपल्याला त्रास नको म्हणून गं.”

“मग झाला नाही का त्रास?”

लेकीच्या कडेवरची गोटी टॉवेलातून काकांची बाही ओढत होती.

“आज डॉक्टरकडे जायचं,” लेक म्हणाली. “सूज उतरेपर्यंत आंघोळ मी सकाळी घालून जाईन. पाळणाघराला नको म्हणून कळवते. पण यापुढे काही दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं. कबूल?”

“कबूल.” काकांनी गुडघा चोळला. “डावा गुडघा दुखतो. दोन वर्षं झाली.”

“बाबा!”

“वरची एक दाढही. गार काही लागलं की.”

“आणखी?”

“आणखी दुखतं ते तुला माहीतच आहे.”

लेकीनं गोटीला कडेवरून उतरवलं आणि त्यांच्या डाव्या हातावर दिलं.