सहाव्या पाटाची जागा

जुनं लाकूड दिसलं की वल्लरीचं काही खरं नव्हतं. सोन्याच्या दुकानातून ती अर्ध्या तासात बाहेर आली असती, पण वारासिवनीच्या कबाड्याकडे दुपारी गेली की संध्याकाळ करूनच परतायची, आणि येताना ऑटोत तिच्या शेजारी काहीतरी आडवंतिडवं बसलेलं असायचं. कधी बंद पडलेल्या राइस मिलची खिडकी, कधी बैलाचं जू, कधी कुणाच्या तरी सासूने जन्मभर कांडलेलं उखळ. बालाघाटच्या त्या चार खोल्यांच्या घरात आता खिडकीत आरसा बसला होता, जुवाला तीन दिवे लटकत होते आणि उखळात मनीप्लांट वाढत होता.

"जेवताना डोक्यावर जू! बैल समजून राह्यली का आम्हाले?" मीनाक्षीबाई सुनेला म्हणायच्या.

"आई, कितना सुंदर दिसते ते!" वल्लरी म्हणायची. आणि ज्याने आईची बाजू घ्यायची तो अनुराग मान खाली घालून वरण ओरपत बसायचा.

मीनाक्षीबाईंनी तीस वर्षं कोषालयात काढली होती. ओरडायची सवय नोकरीतली, राग वरवरचा. जू त्यांना मनातून आवडलंही होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. पण दिवाळीच्या आधी वल्लरी माळ्यावर चढली आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन खाली उतरली, तेव्हा त्या हातातलं काम टाकून पुढे आल्या.

"आई, हे काय आहे?"

"पाट आहेत. ठेव वर."

ठेवते कशाची! वल्लरीने लुगडं सोडलंसुद्धा. पाच सागवानी पाट, धूळ बसून काळवंडलेले. तिने एकावर ओला फडका फिरवला, दुसऱ्यावर फिरवला, दोन्ही शेजारी ठेवले आणि किंचाळलीच. एका पाटावरची लाकडाची रेघ सरळ दुसऱ्या पाटावर चालत गेली होती.

जाणारच. मीनाक्षीबाईंचे वडील वारासिवनीला पोस्टात होते. तिथलं एक जुनं गोदाम पाडलं तेव्हा त्याच्या दाराची नऊ हाती फळी त्यांनी घरी आणली आणि सुताराला बसवून तिचे सहा पाट करून घेतले. आजीचा, काकाचा, बाबांचा, आईचा, नूतनचा आणि शेवटचा मीनाक्षीचा. एकाच फळीचे, म्हणून ओळीने मांडले की पुन्हा एकच फळी व्हायची. नूतन आणि मीनाक्षी यांच्या पाटांमध्ये लाकडाची एक मोठी गाठ होती. सुताराची करवत तिच्या बरोबर मधून गेली होती, अर्धी गाठ थोरलीच्या पाटावर राहिली, अर्धी धाकटीच्या. जेवायला बसताना दोघी बहिणी पाट सरकवून सरकवून ती गाठ आधी जुळवायच्या, मगच भाताला हात लावायच्या. आई वाढणं हातात घेऊन ओरडत राहायची.

"आणि सहावा?" वल्लरीने विचारलं.

"नाही."

"हरवला?"

"ताई घेऊन गेली." एवढं बोलून मीनाक्षीबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसल्या.

अकरा वर्षं झाली. आईने प्राण सोडला तो मीनाक्षीबाईंकडे, याच घरात, ऐन पावसाळ्यात. नूतन रामपायलीला, शेतकरी घरात दिलेली. निरोप गेला, तरी ती आली तिसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. तेरवीच्या जेवणाला पंगत बसली. सहा पाटांवर घरची माणसं. नूतनने पहिला घास उचलला आणि वाढता वाढता मीनाक्षीबाईंच्या तोंडून गेलं, "आई दोन दिवस दाराकडे डोळे लावून होती, ताई. तुझी भाताची रोवणी काही सुटली नाही."

नूतनने घास ताटात ठेवला. हात धुतला, पाट उचलला, काखेत मारला आणि रामपायलीच्या बसला जाऊन बसली. भरल्या ताटावरून माणूस उठून जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मीनाक्षीबाईंना वाटलं होतं, रागावली आहे, संध्याकाळपर्यंत येईल.

चार वर्षांनी नूतनचा मोहित आपल्या लग्नाची पत्रिका द्यायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला. रामपायलीच्या रस्त्यावरच्या पुलावरून तेव्हा पाणी चाललं होतं. त्याची आई रोज सकाळी पिशवी घेऊन पुलापर्यंत जायची, दिवसभर काठावर उभी राहायची आणि अंधार पडला की परत यायची. दोन दिवस. रोवणी तर कधीच उरकली होती.

 लग्नाला मीनाक्षीबाईंनी अनुरागच्या हाती आहेर पाठवला, स्वतः गेल्या नाहीत. कोणत्या तोंडाने जायचं? नूतनचा नंबर त्यांनी किती वेळा लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला, ते त्यांनाच ठाऊक. घरात कुणाला म्हणाल्या नाहीत, पण बहिणीवाचून त्यांचा जीव झुरत होता. नवरा गेला त्या दुःखाला लोक भेटायला तरी आले. ह्या दुःखाला कोण येणार?

वल्लरीने पाट घासले, तेल पाजलं आणि बैठकीच्या भिंतीला लाकडी पट्टी लावून तिच्यावर ओळीने उभे केले. चार पाट, मग एक मोकळी जागा, मग एकटा शेवटचा.

"पवन मिस्त्रीला सांगू? सेम टू सेम बनवून देईल," वल्लरी म्हणाली.

"नको."

"पण आई, गॅप किती अजीब दिसते!"

"दिसू दे. ती जागा तशीच राहीन. कोनी हात लावाचा नाही." आवाज असा चढला की वल्लरीने पुन्हा विषय काढला नाही. मात्र भिंतीचा फोटो तिने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मोहित त्या ग्रुपवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. अकरा वर्षांनी ऐकला, तरी आवाज ओळखायला क्षणही लागला नाही.

"काहून वं मीने, बाबाचे पाट भिताडाले टांगले? कीले ठोकले त्याईले?"

 मीनाक्षीबाई पलंगावर बसल्या. "नाही गं ताई. एकही खिळा नाही ठोकला. पट्टीवर उभे ठेवले."

"खोटं बोलून राह्यली."

"तुझी शपथ."

"माझी कायले घेतं? मी येतो मंगळवारी. डोयानं पाहीन तवाच मानीन." आणि फोन बंद.

मंगळवारपर्यंत मीनाक्षीबाईंनी घरात कुणाला धड बसू दिलं नाही. मंगळवारी अनुराग आणि वल्लरी कामावर गेले आणि यांनी बेसनाच्या पातोडीची भाजी रांधली, ताईला आवडायची तशी, झणझणीत. साडेदहाची बस गेली. साडेअकराची गेली. "नाही येणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "काहून येईन ती? मी असती तर मी तरी आली असती का?" आणि फाटकाशी ऑटो थांबला.

उतरली ती म्हातारी झालेली नूतन. केस पांढरेफटक, चाल डुगडुगती, एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात युरियाची धुतलेली थैली. तिने बहिणीकडे पाहिलं नाही. सरळ आत आली आणि मान वर करून थबकली.

"हे काय? जू टांगलं? अन् बैल कुठी हायेत?"

मीनाक्षीबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं.

नूतन भिंतीपाशी गेली. पट्टी चाचपली, एकेक पाट मागून पुढून पाहिला. खिळा नव्हता. मग तिने थैलीतून आपला पाट काढला. बाकीचे पाच वल्लरीच्या तेलाने चमकत होते, हा बसून बसून गुळगुळीत झाला होता.

"रोज बसत होतीस याच्यावर?"

"रोज. तुले शिव्या देत जेवत होती. मंग गुडघे गेले, तवापासून खाटेवर जेवतो." तिने पाट मोकळ्या जागेत ठेवला आणि बोटाने सरकवला. गाठ जुळली. मीनाक्षीबाईंनी जवळ येऊन गाठीवरून बोट फिरवलं.

"पाहून झालं?" नूतन म्हणाली. "आता काढ खाली. पाट बसाले असते."

"ताई, तुझे गुडघे अन् माझे गुडघे... टेबलावर बसू ना."

"त्या दिवशी मी टेबलावरून उठली होती का?"

 मीनाक्षीबाईंनी दोन पाट जमिनीवर मांडले, गाठ जुळवून. पानं घेतली, भाताचं पातेलं आणि भाजी जवळ आणून ठेवली. उखळाच्या काठाला धरून, एकमेकींना धरून, "अगं आई गं" करत दोघी एकदाच्या खाली बसल्या. मीनाक्षीबाईंनी आधी ताईला भात वाढला.

"ताई, पुलाचं मले मागून समजलं. चुकली मी. तवाच याले पाह्यजे होतं, लाजेनं पाय उचलला नाही."

"मोहितनं सांगतलं होतं मले, मावशीले समजलं म्हून." नूतन भात कालवत राहिली. "सात वर्ष झाले. मी रोज फाटकाकडे पाहे." मग तिने घास तोंडात घातला, आणि तेव्हा कुठे मीनाक्षीबाईंनी आपलं ताट पुढे ओढलं.

भाजी तिखट झाली होती. नूतनने तसं सांगितलं आणि दोनदा मागून घेतली. ताट अगदी निपटून खाल्लं. मग हात धुवायला उठायचं म्हणून तिने जमिनीला तळवा टेकला, जोर केला, आणि पुन्हा खाली बसली. मीनाक्षीबाई तिला उठवायला सरसावल्या, तर त्यांचेही पाय भरून आलेले. बसताना सरकल्या होत्या, उखळ हाताच्या पलीकडे राहिलं होतं. दोघी एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"तवा जर हे गुडघे असे असते ना, मीने," नूतन डोळे पुसत म्हणाली, "तर उठलीच नसती मी."

वल्लरी पाचला येणार होती. फोन मीनाक्षीबाईंच्या हाताशीच पडला होता, पण त्यांनी तो उचलला नाही. पातेलं पुढे ओढून बहिणीच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.