खोळीतली फुंकर

मित्रांनो, मला एकच काम येते, फुंकर घालण्याचे. मी एक जुना नेब्युलायझर आहे. नाव अवघड वाटले तर आमच्या घरात म्हणत तसे ‘वाफेचे मशीन’ म्हणा, माझी हरकत नाही. खरे तर माझ्यात वाफ नसते. माझ्या पोटातला छोटा पंप खोलीतली हवा ओढून घेतो आणि नळीतून जोराने एका कपात सोडतो. कपात पातळ औषध असते. हवेच्या झोताने त्याचे धुके होते आणि माणूस ते श्वासाबरोबर छातीत घेतो.

कारखान्यातल्या एका लांब टेबलावर माझा जन्म झाला. एका बाईने पंप बसवला, दुसरीने बटण लावले. तिसरीने मला कानाशी धरले, “बोलतोय बरा,” म्हणाली आणि खोक्यात घातले. पुढे बरेच दिवस औषधांच्या दुकानात वरच्या फळीवर बसून काढले. तिथे मला एक पेच पडे. आपल्याला कोणी घरी न्यावे असे फार वाटायचे, पण त्यासाठी कोणीतरी आजारी पडावे अशी इच्छा कशी धरायची?

शेवटी मला नेले ते बाबांनी. बाबा जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवे कापड चढवत. त्यांच्या श्वासनलिका ढिल्या पडून रुंदावल्या होत्या आणि त्यांत कफ साठून राहायचा. हा आजार जाणार नाही, पण रोज निगा राखली तर त्याच्यासह नांदता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

आमची सकाळ ठरलेली असे. आधी श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणारे औषध, मग कफ पातळ करणारे खारे पाणी. रेडिओवर बातम्या लागल्या की खारे पाणी सुरू करायचे. बातम्या संपेपर्यंत कप रिकामा. त्यानंतर बाबा उशांवर कुशीला झोपत आणि त्यांची लेक ओंजळीसारखा हात वाकवून त्यांच्या पाठीवर थापट्या मारी.

“अगं, गादी कुटतेस की बाप?”

“गादी इतकं बोलत नाही, बाबा. वळा दुसऱ्या कुशीवर.”

“बोलण्यात दम घालवू नका दोघं,” आई स्वयंपाकघरातून म्हणे. “कफ आत राहील आणि गप्पा तेवढ्या बाहेर पडतील.”

मग बाबा उठून बसत. आरशावर वाफ धरावी तसे तोंड उघडून लांब ‘हा’ करत आणि सुटलेला कफ झाकणाच्या भांड्यात टाकत. त्यात लाज धरायची नाही, हा घरातला नियम. लेक माझा कप सुटा करून साबणाच्या कोमट पाण्यात धुई, गरम पाण्यात उकळी आणि स्वच्छ टॉवेलवर उपडा ठेवी. फडक्याने पुसायचा नाही, हवेवरच वाळू द्यायचा. ओला कप डब्यात बंद केला तर जंतूंचे फावते, हे तिला पक्के ठाऊक होते.

माझ्यात एकच खोड होती, ती म्हणजे आवाज. बाबा मला लाडाने ‘घरघऱ्या’ म्हणत, पण माझ्यामुळे आईला बातम्या ऐकू येत नसत. तेव्हा बाबांनी माझ्यासाठी खोळ शिवली. गिऱ्हाइकाच्या सोफ्यातून उरलेली हिरवी मखमल, आत कापसाचा जाड थर, नळीसाठी काज शिवतात तसे कडा शिवलेले नेटके भोक. आवाज निम्म्यावर आला. येणारेजाणारे मला हात लावून बघत आणि बाबांच्या हाताला दाद देत. मीही फुशारलो. एवढे मऊ कापड आमच्या जातीत कोणाच्या अंगावर पडले असेल?

मित्रांनो, माझ्या बाजूला एक इवलेसे झाकण आहे. त्याच्या आत पांढरी गाळणी असते. हवा तिच्यातूनच आत येते. ती मळली की बदलावी लागते. पण मी चालू असतानाही खोळ अंगावर असायची, त्यामुळे ते झाकण कोणाच्या नजरेसच पडेना. कापसाचे तंतू आत ओढले जात होते. गाळणी राखाडी झाली, मग काळपट. मी गुदमरू लागलो. माझी फुंकर मंदावली.

आता बातम्या संपत, त्यामागची गाणीही संपत, तरी कपात पाणी उरलेले असे. धुके विरळ येई. कफ सुटेना. बाबांना आपल्या कामाच्या दुकानाचा जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबावे लागे.

“माझी छातीच आता औषध घेईना,” एका सकाळी ते म्हणाले.

काही दिवसांनी त्यांनी दुकानाच्या जागेच्या मालकाला सांगून टाकले, महिनाअखेरीस जागा रिकामी करतो. हत्यारांची पिशवी घरी आणली आणि त्यातली मोठी कात्री लेकीपुढे धरली.

“घे. चांगली धार आहे हिला.”

“मला काय कापायचंय, बाबा?”

“असू दे तुझ्याकडे. माझ्याच्यानं आता होत नाही.”

 आईने घडी केलेला टॉवेल उलगडला आणि त्याची पुन्हा घडी केली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की अहो, तुमची छाती नाही, मी दमलोय. पण मला घरघरच येते, आणि तीही खोळीत अडकलेली.

लेकीने त्यांना दवाखान्यात नेले. छातीचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी येताना मशीनही आणायला सांगितले होते, म्हणून पिशवीत मीही होतो. बाईंनी बाबांना तिथल्या मशीनवर बसवले. धुके भराभर आले, कप पाहता पाहता रिकामा झाला आणि पाठीवर थापट्या पडताच इतका कफ निघाला की बाबा स्वतःच चकित झाले.

“तुमच्याकडचं खारं पाणी भलतंच जालीम दिसतंय.”

“पाणी तुमच्याच पिशवीतलं आहे, काका. मशीन तेवढं आमचं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिले. बाईंनी मला उचलले होते.

“हा कोट कोणी शिवला?”

“मीच.”

“छान शिवलाय. चालू असतानाही अंगात असतो?”

“त्याला थंडी वाजू नये म्हणून,” बाबा म्हणाले. पण कोणी हसले नाही. लेकीने खोळ उतरवून झाकण काढले होते. गाळणी तिच्या तळहातावर पडली, काळी, वर मखमलीची हिरवी लव.

“कप आम्ही रोज धुतो हो,” ती हळूच म्हणाली.

“कप लखलखीत आहे. झिजलाय मात्र, तोही नवीन घ्या.” मग बाईंनी बाबांच्या पाठीला तपासायची नळी लावून बराच वेळ ऐकले. “कफ साठला होता, काका. छाती अजून तुमचं ऐकते.”

बाबांनी ती गाळणी बोटांत धरून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, “खुर्ची करकरली तर मी ती आधी उलटी करून बघतो. इथे काही न बघता स्वतःलाच मोडीत काढलं.”

नवी गाळणी आली, नवा कप आला. खारे पाणी पुन्हा बातम्यांबरोबर संपू लागले.

“कात्री दे गं,” एक दिवस बाबा म्हणाले.

“दिलेली वस्तू परत मागतात का?”

“बरं, उसनी दे.”

दुकानाची जागा राहिली. बाबा अर्धा दिवस जाऊ लागले. आजार बरा झाला नव्हता. मधूनमधून तो डोके वर काढी आणि बाबांना दवाखान्यात राहावे लागे. पण त्यानंतर बऱ्याच खुर्च्यांना त्यांच्या हातचे कापड चढले. आणि मी उघडाच घरघरत राहिलो. आईने रेडिओ मोठा केला.

मग एक सकाळ अशी आली की बातम्या लागल्या, संपल्या आणि कोणी माझे बटण दाबले नाही; बाबा गेले होते. लेकीने त्या दिवशीही कप धुतला. त्यात औषध घातलेलेच नव्हते. तिने तो टॉवेलवर उपडा ठेवला आणि वाळेपर्यंत तिथेच बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला नटवू नका. कप रोज धुवा, उघड्यावर वाळवा आणि गाळणी कधीमधी बघत जा. आणि घरातले कोणी थकून म्हणाले, “आता माझ्याच्यानं होत नाही,” तर लगेच मान डोलवू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना मलाही बरोबर घ्या. कदाचित थकलेला मी असेन.