विहिरीचं नाव काढायचं नाही

सकाळी चहाचे बारा कप गच्चीवर गेले होते. ट्रे खाली आला तेव्हा पुतणीने ते कप ओट्यावर ओळीने मांडले आणि मोजले. तीन रिकामे, दोन अर्धे, सात जवळजवळ भरलेले. भरलेल्यांवर साय धरली होती. एका बशीत एक बिस्किट पडलं होतं. कुणीतरी ते चहात बुडवून, एकदाच चावून बाजूला ठेवलं होतं.

"ओतून टाक की," काकू म्हणाली. "पंचांग बघतेस का त्यांचं?"

पुतणीने ओतले नाहीत. एका भरल्या कपातला चमचाभर चहा तिने जिभेवर घोळवला. दूध, साखर, चहापत्ती, आणि मागाहून, जिभेच्या कडांना, मीठ. परवा संध्याकाळी बसमधून उतरल्यावर पहिल्या घोटाला हेच लागलं होतं, तेव्हा तिने दोष प्रवासाला दिला. काल दात घासून, चूळ भरून पुन्हा पाहिलं. आज तिसरी वेळ. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या मुलीला तीनदा सारखंच आलेलं उत्तर नाकारता येत नाही.

समोर काकू भिंतीला टेकून तोच चहा मिटक्या मारत पीत होती.

घर समुद्राच्या कड्यावर होतं. सहा खोल्या, प्रत्येकीला पाण्याकडे उघडणारी खिडकी. डावीकडे दीपगृह, उजवीकडे काळ्या वाळूचा किनारा, समोर पक्ष्यांचा खडक. पाहुणे हे सगळं बघायला येत आणि बघून खूश होऊन जात. पूर्वी ते जाताना काकूच्या सुपाबद्दलही बोलत. पुतणी शिकायला गेली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत सुट्ट्यांमध्येही तिला कधी इकडे येणं जमलं नव्हतं. आता नोकरी लागेपर्यंत ती मदतीला आली होती.

गच्चीवरून काकांचा आवाज येत होता. नव्या पाहुण्यांना विहिरीची गोष्ट चालू होती. हे घर घेतलं तेव्हा गावातला प्रत्येकजण म्हणाला होता की समुद्राच्या इतक्या कुशीत गोडं पाणी लागणं शक्य नाही. काकांनी दोन मित्रांना हाताशी धरलं आणि अख्खा हिवाळा खणत राहिले. पाणी लागलं तेव्हा पहिला पेला त्यांनी नव्या नवरीला दिला. तिने तो एका दमात संपवला आणि म्हणाली, गोड आहे. गोष्ट इथे संपायची. मग काका रहाट फिरवून बादली वर काढायचे, पाहुण्यांना तिच्यात डोकावून बघायला लावायचे. पाणी आरशासारखं स्वच्छ असायचं. पाहुणे पिण्यासाठी दुकानातल्या बाटल्याच आणत, पण त्याचा राग काकांना येत नसे. शहरातल्या माणसांचं पोटच नाजूक, असं ते म्हणत.

दुपारी पुस्तकवाल्या बाई आल्या. या किनाऱ्यावर काय बघावं आणि कुठे राहावं, याचं त्या दरवर्षी एक छोटं पुस्तक काढत. लोक बॅगेत पुस्तक टाकूनच निघत, आणि पुस्तकात जे घर नसेल त्या घराच्या पायऱ्या कुणी चढत नसे. गेल्या वर्षी त्यांनी या घराबद्दल दोन वाक्यं छापली होती. खिडकीतून दिसणारं दृश्य साऱ्या किनाऱ्यावर दुसरं नाही. जेवण मात्र बाहेर करावं. काकूने ते पान वाचून घडी करून कपाटात ठेवलं होतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

बाई सरळ होत्या. चपला काढता काढताच त्यांनी सांगून टाकलं, की इथून जेवायला वर गावात जावं लागतं अशा तक्रारी येतात, म्हणून यंदा हे घर वगळायच्या विचाराने आले आहे. तरी एक रात्र राहून बघते.

रात्रीच्या जेवणाला काकूने माशांचं सूप केलं. ती सकाळपासून त्याच्याच मागे होती. बाईंनी दोन चमचे घेतले, तिसरा अर्ध्यावर थांबवला आणि पाव तोडून खाऊ लागल्या. बाकीच्या टेबलांवरही पावच संपत होता.

काकांनी ते पाहिलं. ते बाईंच्या खुर्चीशी जाऊन थोडे वाकले.

"हिचा हात हल्ली जड झालाय हो," ते म्हणाले. "मीठ टाकताना भान राहत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

ते प्रेमाने बोलले. तीन उन्हाळे ते हे असंच प्रेमाने सांगत आले होते, हे त्यांच्या सवयीच्या सुरावरून पुतणीला कळलं. टेबलांवरच्या मीठदाण्याही त्यांनीच कधीतरी उचलून ठेवल्या होत्या; असल्या जेवणावर वरून मीठ कोण मागणार, असं म्हणत. काकू दारात पावाची टोपली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"वय झालं," ती हसून म्हणाली आणि टोपली फिरवायला लागली.

भांडी आवरताना पुतणीने वरच्या फळीवरची मिठाची बरणी खाली काढली. झाकण फिरेना. फडकं गुंडाळून, दातओठ खाऊन फिरवलं तेव्हा करकरलं आणि निघालं. आत चमचा घातला, तर तो टण्‌ करून परत आला. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती आणि मीठ दगड झालं होतं. समुद्राच्या हवेत मीठ ओलावतं, मग सुकतं, मग घट्ट होतं. पण रोज चमचा फिरत असेल तर असा दगड होत नाही.

मागे काकू उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ठेव ती वर."

"काकू, तू सुपात मीठ घातलंसच नाहीस."

"घातलं नाही."

"कधीपासून?"

काकूने पदराला हात पुसले, कोरडे होते तरी. मग हळूहळू सांगितलं. आधी अर्धं केलं. मग चिमूटभर. मग बरणी भरली आणि तेही बंद झालं; त्याला आता तीन वर्षं. जमेल तेवढं सांभाळून घेतलं, पण सूप आटलं की खारटपणा वर येतोच, आणि चहाला तर काही उपायच नाही. ते तिला चवीवरून कळलंही नव्हतं. तिची जीभ त्या पाण्यासोबत दरवर्षी थोडी थोडी सरकत गेली होती. पाहुण्यांच्या ताटांवरून कळलं.

"मग काकांना सांगायचं ना. लोकांसमोर ते तुझं नाव घेतात."

"घेऊ देत. माझा हात बिघडला तर काय, बायकांचे हात बिघडतात वयाने. त्यांनी ती विहीर हाताने खणलीय गं. दुसरं काय आहे त्यांच्याकडे सांगायला?" काकूने बरणीचं झाकण लावलं. "वचन दे. यांच्यासमोर विहिरीचं नाव काढायचं नाही."

तीन वर्षं काकू मिठाची गुळणी धरून बसली होती आणि वर तिच्याच माथी मीठ मारलं जात होतं. पुतणीला हसू आलं नाही.

"विहिरीचं नाव काढणार नाही," ती म्हणाली.

बरणी तिने फळीवर परत ठेवली. थोडी पुढे, हाताला येईल अशी.

सकाळी बाकीचे पाहुणे होडीने पक्ष्यांच्या खडकाकडे गेले. बाई एकट्याच उरल्या, म्हणून त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसवलं. काका खिडकीच्या कोयंड्याला तेल घालत होते. नाश्ता मी करते, असं पुतणीने उठल्या उठल्याच जाहीर केलं होतं. तिने अंडी उकडली. काकूच्या हे लक्षात आलं नाही, पण त्या स्वयंपाकघरात पाण्याला ज्याच्या आत शिरता येत नाही अशी तेवढी एकच वस्तू होती.

बाईंनी अंडं सोललं, मधोमध कापलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"जरा मीठ मिळेल?"

काका मोठ्याने हसले. "मीठ? आमच्या घरात? बाई, तुम्ही पहिल्याच."

"काका, वरच्या फळीवर बरणी आहे," पुतणी म्हणाली. तिचे दोन्ही हात साबणाच्या पाण्यात होते. "तेवढी द्या ना काढून."

काकूने चटकन वळून पाहिलं. पुतणी बशी घासत राहिली.

काकांनी बरणी काढली, झाकण उघडलं, चमचा घातला. टण्‌. पुन्हा घातला. मग त्यांनी बरणी बशीवर उपडी धरली आणि बुडावर थाप मारली. एक दाणा पडला नाही. त्यांनी बरणी सरळ केली आणि खिडकीच्या उजेडात धरून काचेतून बघत राहिले. मीठ गळ्यापर्यंत होतं, सपाट, वरून जरा पिवळसर.

"ही कधी भरलीस?"

"आठवत नाही," काकू शेगडीकडे तोंड करून म्हणाली. शेगडी पेटलेली नव्हती.

"अगं, कधी?"

"झाली असतील तीन वर्षं."

काकांनी खिशातला पेचकस काढला, मिठाचा एक कपचा उडवला, बशीत ठेवून बाईंपुढे सरकवला. मग बाहेर गेले. रहाटाचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. मग भरलेली बादली घेऊन ते दारात उभे राहिले. त्यांच्या मिशा ओल्या होत्या.

"मला तर गोडच लागतंय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

त्यांनी पुतणीकडे पाहिलं.

"शास्त्रज्ञबाई, तुमच्याकडे हे कसं बघतात?"

"आटवतात," पुतणी म्हणाली. "मागे उरेल ते तोलतात."

"बादलीभर पुरेल?"

"पाच लिटर घ्या. पाणी गोडं असेल तर तेवढ्यातून दोन-तीन ग्रॅमच उरतात. कमी घेतलं तर आपल्या काट्याला पत्ता लागायचा नाही. आणि आधी रिकामं पातेलं तोलायचं."

"घासलेलंच आहे ते," काकू पुटपुटली.

"घासलेल्यालाही वजन असतं, काकू."

पातेलं बाराशे चाळीस ग्रॅम भरलं. काकांनी मापाने पाच लिटर पाणी ओतलं आणि स्वतः शेगडी पेटवली. मग कोपऱ्यातले दोन रिकामे कॅन उचलले. इतक्या वर्षांत त्यांनी बाहेरून पाणी आणलं नव्हतं. गावाच्या वळणावरच्या नळाला हात लावणं त्यांच्या लेखी नाक कापून घेण्यासारखं होतं.

"बाई, दुपारचं जेवून जा," ते म्हणाले.

बाईंना आणखी दोन ठिकाणं बघायची होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी परत खुर्चीला अडकवली.

काका भरलेले कॅन घेऊन, उतारावर दोनदा थांबून, घामाघूम होऊन आले. काकूने नळाच्या पाण्यात पुन्हा माशांचं सूप शिजत ठेवलं. फोडून घेतलेलं मीठ वाटीत होतं. तिने चिमूट उचलली आणि हात हवेतच राहिला. चाळीस वर्षं ज्याचं माप डोळे मिटून घेतलं ते तिला आठवेना.

"किती गं?"

पुतणीने चाखलं. "अजून."

"अजून?"

"अजून थोडं. बस."

काकूने पळी ओठांना लावली आणि तिचा चेहरा उतरला. "अळणी आहे."

काकांनी चाखलं. त्यांनी दोनदा चाखलं. "अळणी आहे," तेही म्हणाले.

"तुम्ही दोघं बाजूला व्हा," पुतणी म्हणाली आणि वाढायला घेतलं.

बाई जेवायला बसल्या. वाटी संपल्यावर त्यांनी स्वतःच पळी घेऊन पुन्हा वाढून घेतलं आणि शेवटी पावाच्या तुकड्याने वाटी पुसली. काकू ओट्याशी उभी राहून त्या वाटीकडे पाहत होती.

"यात काय घालता?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाली. "मीठ."

तोवर मागच्या शेगडीवरचं पातेलं कोरडं झालं होतं. पुतणीने आच आधीच मंद केली होती, म्हणजे कण उडू नयेत. आता ती बंद केली. तळाला पांढरा, खरबरीत थर होता, कडांना जाड. काकांनी तो निवेपर्यंत वाट पाहिली. काजळीलाही वजन असतं असं पुतणीने सांगितल्यावर त्यांनी पातेल्याचं बूड बाहेरून राखेने घासलं, ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने, आणि काटा सपाट आहे ना ते वाकून पाहिलं. बाईंनी टिपणांची वही उघडली नव्हती. पुतणी पुढे झाली तसं काकांनी तिला हातानेच थांबवलं.

त्यांनी पातेलं काट्यावर ठेवलं. आकडे थोडे हलले आणि स्थिर झाले. काकांनी चष्मा लावला, वाचलं, ओठ हलवत वजाबाकी केली आणि काकूकडे वळले.

"पाच लिटरला सतरा ग्रॅम."