उकळलेलं विरजण

अकोल्याच्या नत्थुजीच्या थापा पार बार्शीटाकळीपर्यंत पोचलेल्या. मे महिन्यात अकोला एवढं तापतं, की मी दुपारी गारव्याला टाकीपाशी जाऊन बसतो, असं तो शपथेवर सांगायचा. आणि टाकी आतून साठ अंश गरम.

तिच्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा काढा, वर घट्ट झाकण आणि आत त्या उकाड्यात सुखानं नांदणारे जंतू. ते काढा खायचे आणि हायड्रोजन सोडायचे. संशोधन करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमच्या प्रयोगाची ही एक टाकी नत्थुजीच्या ताब्यात. दुसरी अमरावतीजवळ वलगावला, त्याचा धाकटा साडू गोवर्धन याच्या ताब्यात. ज्याचा हायड्रोजन जास्त, त्याच्या गावी मोठा प्रकल्प, आणि तोच तिथला प्रमुख.

गोवर्धनच्या मीटरचा आकडा सदा दीडपट. सासूबाई पहिली गरम पोळीही त्याच्याच ताटात टाकायच्या. तो आकडा ऐकला की टाकीपेक्षा नत्थुजीच्याच पोटात जास्त गॅस धरायचा. त्यानं आपल्या जंतूंना गुपचूप ताज्या शेणाचं पाणी पाजून पाहिलं, टॉनिक म्हणून. आकडा आणखी घसरला.

मग एकदा वलगावची लाईन दोन दिवस गेली. टाकी गार पडली, भलतेच जंतू माजले, सगळं नासलं. नत्थुजीनं त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तिसरी मोडतो, तर गोवर्धनचा फोन.

"नत्थुभाऊ, तुमच्या टाकीतलं डबाभर विरजण द्या ना मले. मॅडम म्हने, साडूलेच माग."

नाही म्हणायला तोंड उघडलंच होतं, पण समोर बायको होती.

"विरजनाले नाई म्हनू नका," मैनाबाई म्हणाली. "सवत दारात आली तरी देतो आमी."

"कोन नाई म्हनून रायलं?"

ती शेजारी गेली तशी त्यानं दुधाची मोठी गंजी काढली, टाकीतलं डबाभर पाणी तिच्यात ओतलं आणि गॅसवर अर्धा तास खळाखळा उकळलं. फुटणाऱ्या प्रत्येक बुडबुड्यात त्याला गोवर्धनचं तोंड दिसत होतं. मग ते डब्यात भरून, एसटीनं जातीनं वलगावला पोचवून आला. गोवर्धननं वाढलेला आमरस तीन वाट्या प्याला, वर "काळजी करू नको" असंही म्हणाला.

पंधरा दिवसांत वलगावचा आकडा तिप्पट. मोठा प्रकल्प वलगावलाच ठरला. पेढे खायला नत्थुजीला जोडीनं जावं लागलं.

"दोन्हीकडचं पाणी तपासलं. अकोल्याच्या टाकीत हायड्रोजन खाणारे जंतू घुसले होते, बहुतेक शेणातून," मॅडम सांगत होत्या. "विरजण कोणीतरी चांगलं उकळलंय. खाणारे तेवढे मेले. आपले जंतू कवच करून बसतात, ते वाचले. ही अक्कल तुमचीच ना गोवर्धनभाऊ?"

गोवर्धन लाजून हसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ते हसणं नत्थुजीच्या काळजाला झोंबलं. प्रकल्प गेला तो गेला, आता अक्कलही याचीच?

"म्या उकळलं," तो म्हणाला.

"कावून, भाऊ?" गोवर्धननं कारण विचारलं.

सगळे बघत होते. नत्थुजीला चटकन बरी थाप सुचेना, हे त्याच्या जन्मात पहिल्यांदाच झालं.

"तुये जंतू मरावे म्हनून. तुई टाकी बसावी म्हनून."

असा हशा पिकला की टाकीचं झाकण थरथरलं. गोवर्धन डोळे पुसत म्हणाला, "हा मानूस! थाप मारते तेबी सोताच्याच आंगावर." मॅडमनी हसतहसत वहीत गोवर्धनचं नाव लिहिलं.

"खरंच सांगून रायलो," नत्थुजी म्हणाला. हशा आणखी वाढला.

एकटी मैनाबाई हसली नाही. पंधरा दिवस ती दुधाची गंजी चिंचेनं घासत होती, आणि तिच्यातला टाकीसारखा आंबूस वास काही जात नव्हता. तिनं नवऱ्याच्या हातातला पेढा काढून घेतला आणि गोवर्धनच्या हातावर ठेवला.