सावडीचं बोलावणं

भिमाच्या शेताकडे त्या सकाळी चिटपाखरूही फिरकलं नाही. खाचरं चिखलून तयार होती, राहीनं पहाटेपासून भाकऱ्यांची चळत रचली होती आणि तिचा नवरा बांधावर उभा राहून रिकाम्या वाटेला शिव्या घालत होता.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत भाताची लावणी सावडीनं व्हायची. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. एकट्यादुकट्यानं ती उरकतच नाही. रोपं भलतीच वाढली होती. आणखी चार दिवस गेले तर ती लावून उपयोग नव्हता, मग वर्षभर भाताच्या नावानं शंख.

सावडीचं बोलावणं द्यायचं म्हणजे ओटीवर जायचं, टेकायचं, तंबाखू चोळायची, घरच्यांची चौकशी करायची. आमच्या भिमाशेठनी काय केलं? भर वाटेवरून हाळी ठोकली, "ए कोंडू, उद्या माझ्याकडं! टाइम पाळा!" मुंबईच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता तो. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही आणि जॉबरला उलट विचारायची कुणाची छाती होत नाही. मंदीत गिरणीनं त्याला घरी बसवलं. नोकरी सुटली, आवाज काही सुटला नाही.

तो मुंबईत असताना शेत राहीनंच राखलं होतं. तो आल्यापासून मात्र तिलाही हुकूमच ऐकावे लागत. ती गिळून गप्प बसायची. त्या सकाळी तिला गप्प बसवेना.

"अवो, कोंडूभावजींच्या ओटीवर जाऊन बसा," ती म्हणाली. "काय मागू नका. ते बोलतील ते ऐका. मधी तोंड घालू नका."

"माझं काय चुकलं गो?"

"तेच ते सांगतील."

वाडीत कोंडूचा शब्द चालायचा. भिमा कुरकुरत गेला. राहीही मागोमाग गेली आणि कोंडूच्या बायकोशी, सोमीशी, बोलायच्या निमित्तानं अंगणात थांबली. जीव सगळा ओटीवर.

भिमा बसला. मग कोंडूच उसळला, "माझा बैल मेला त्या दिशी तू काय बोल्लास, आठवतं? म्हातारा बैल घेतलास, मरनारच! मी त्याला पुरून आलो होतो रे. हाताची माती पन धुतली नव्हती."

बैल म्हातारा होता हे खरंच होतं. भिमाच्या गळ्याची शीर टरारून फुगली. आता हा बोलणार आणि सगळं मातीत जाणार, राहीला वाटलं. भिमा मात्र नुसता बसून राहिला. मुकाट ऐकणं या माणसाला किती जड जात असेल हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! तिला त्याचं मनापासून कौतुक वाटलं.

"नाव काय होतं रे त्याचं?" भिमानं हळूच विचारलं.

कोंडूनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "चांद्या," तो म्हणाला, आणि मग थांबेचना. चांद्या चिखलात कसा चालायचा, पोरांना पाठीवर कसा बसू द्यायचा, सगळं सांगितलं. सांगता सांगता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"चुकलं माझं," भिमा म्हणाला. "त्या दिशी तुझ्याजवल नुसतं बसायला पायजे होतं."

कोंडूनं तंबाखूची चंची पुढे सरकवली. "तुझी रोपं लई वाढलीत ना?"

"वाढलीत. तुमी आल्याबिगर माझ्यानं व्हायचं नाय."

"मग उद्या येतो. बाकीच्यांना मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी शेतात उतरली. बाया पदर खोचून, पुरुष रोपांच्या मुठी घेऊन उभे. भिमानं सवयीनं छाती भरून श्वास घेतला. आता हुकूम सुटणार म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो मात्र बायकोकडे वळला. चारचौघांत तिचं नाव घेऊन म्हणाला,

"राही, कंच्या खाचरापासून धरू गो? शेत तुला ठावं."

सगळे तिच्याकडे बघत थांबले होते; भिमाही.

"वरच्या," ती म्हणाली. "तिथलं पानी आधी उतरतं."

आणि सगळे वरच्या खाचराकडे निघाले.