साधा भूतकाळ

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आल्या त्याला दीड महिना झाला, तरी त्यांच्यात आणि जावयात थेट असं एकही वाक्य झालं नव्हतं. भांडण मुळीच नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी लेकीने एका लिफ्ट-मिस्त्रीशी लग्न ठरवलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं. पुढे राग विरघळला, पण बोलायची सवय काही लागली नाही. सगळा कारभार लेकीमार्फत चाले. "त्यांना सांग, पंखा नीट झाला." "त्यांना म्हणावं, छान झाला." पंखा तिघांच्याही डोक्यावर फिरत असे.

अशात कंपनीचा कागद आला. मुख्य मिस्त्री व्हायचं तर रोजचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागेल, आणि त्याआधी व्याकरणाची साधी परीक्षा होईल. दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, तो मिस्त्री 'साधी' हा शब्द वाचूनच घामाघूम झाला.

"अहो, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई घरात बसलीय," बायको म्हणाली.

"मग तू विचार ना त्यांना."

"हे एवढं तुमचं तुम्ही."

दोन दिवस मिस्त्रीने दारापाशी नुसत्या येरझाऱ्या घातल्या. सासूबाईंना हाक काय मारायची, इथपासून अडचण होती. बावीस वर्षं त्याने हाक न मारताच निभावलं होतं. शेवटी शाळेतलीच हाक कामाला आली.

"बाई, मला शिकवाल का?"

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वही आणलीय?"

आणली होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्ग भरू लागला. बाई कडक होत्या. एक चूक झाली की ते वाक्य दहा वेळा लिहायचं. मिस्त्रीची पंचाईत वेगळीच होती. प्रत्येक वाक्य त्याला खरं वाटे.

"द लिफ्ट इज नॉट वर्किंग. होकारार्थी करा."

मिस्त्री पेन्सिल चावत बसला. "कशाने बंद पडलीय, बाई?"

"कशानेही पडू दे. 'नॉट' काढा."

"दार अडकलं असेल तर नुसतं 'नॉट' काढून कशी चालेल?"

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला. बायको हसू दाबत होती.

तिसऱ्या आठवड्यात भूतकाळ आला. बाईंनी वाक्य सांगितलं, "माय डॉटर मॅरीड अ मेकॅनिक. नकारार्थी करा." सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, वाक्य निसटून गेलं असावं. मिस्त्रीने मान खाली घालून लिहिलं, 'माय डॉटर डिड नॉट मॅरीड अ मेकॅनिक.'

"डिड आलं की क्रियापद मूळ रूपात. मॅरी."

"बाई, कसंही लिहिलं तरी लग्न झालंच आहे."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "आता स्वतःच्या मनाने एक प्रश्न तयार करा. भूतकाळातला."

मिस्त्रीने बराच वेळ घेतला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि वही सरकवली. 'डिड यू क्राय इन अवर मॅरेज?'

बाईंनी लाल पेनने 'इन'चं 'अ‍ॅट' केलं, 'मॅरेज'चं 'वेडिंग' केलं. मग पेन खाली ठेवून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'येस, आय डिड.'

मिस्त्रीने लिहिलं, 'व्हाय?'

"पूर्ण वाक्य लिहा."

'व्हाय डिड यू क्राय?'

बाईंनी वही स्वतःकडे ओढली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. त्यांनी सावकाश, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं, 'आय डिड नॉट नो यू.'

मिस्त्रीने ते दोनदा वाचलं. "यात चूक नाही, बाई," तो म्हणाला.

"माझ्या वाक्यात कशी असेल?" त्यांनी वही मिटली. "उद्या भविष्यकाळ. पाठ करून या."

परीक्षा झाली. आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. मिस्त्रीने ते बायकोच्या आधी बाईंच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "यू आर पास? हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या मोठ्या साहेबांनी."

लाल पेन बाहेर आलं. 'यू हॅव पास्ड.' पुढे आणखी तीन दुरुस्त्या, समासात शेरा आणि खाली सही. "त्यांना परत द्या."

"बाई, नोकरी जाईल."

"योग्य व्याकरणाने कुणाची नोकरी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

दोन दिवस पत्र खिशातच राहिलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने डोळे मिटून ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी लाल खुणा पाहिल्या, समासातलं 'निष्काळजी' वाचलं, आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"या कोण?"

"माझ्या सासूबाई."

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. "शिकवण्या घेतात का त्या? म्हणजे... ऑफिसात कुणाला कळायला नको."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी टेबलाशी दोन विद्यार्थी असतात. साहेब दर वेळी पाच मिनिटं उशिरा येतात आणि दाराशी उभे राहून आत येऊ का म्हणून विचारतात. बायकोला स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्याने जेवावं लागतं, पण ती तक्रार करत नाही. तिथून सगळं ऐकू येतं. परवा साहेबांनी 'ही गो' असं लिहिलं. बाईंनी त्यांची वही मिस्त्रीपुढे सरकवली.

"तपासा," त्या म्हणाल्या. "आणि साहेब म्हणून सोडू नका."