लक्ष्मीचं तोंड

कमलेशच्या हातून माणूस होत नसे. बसायचा माणूस करायला आणि उठायचा देव करून. कोलशेतला त्याच्या बापाचा, पंढरीचा, गणपतीचा कारखाना. पोर रांगायला लागलं तेव्हापासून शाडूतच. गौरीचा मुखवटा तर तो डोळे मिटून करी. ही सवय बापाच्या कारखान्यात सोन्यासारखी, पण ठाकुर्लीच्या कला महाविद्यालयात ती गळ्याशी आली. शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला समोर माणूस बसवून त्याचं डोकं मातीत हुबेहूब करावं लागतं. पहिल्या खेपेला त्यानं कॉलेजच्या वॉचमनला बसवलं, त्याची देवी झाली. दुसऱ्या खेपेला भाजीवाला आणला, तर तोही मंद हसत आशीर्वाद द्यायला निघाला. दोन्ही वेळा नापास. आता ही शेवटची संधी. ही हुकली की नियमानं डिग्रीच मिळणार नव्हती, सगळी वर्षं पाण्यात.

पंढरी ती हुकायचीच वाट बघत होता. "गनपती काय तुझी डिग्री बघून पाटावर बसनार हाय?" असं तो जेवताना विचारी. जन्मभर तेच सोंडेचं वळण, तेच पोट, या विचारानंच कमलेशचा जीव घुसमटायचा. त्याला माणसं करायची होती, आणि नेमकी तीच त्याच्या हाताला होत नव्हती.

हरिहर सर शिकवून शिकवून थकलेले सज्जन गृहस्थ. ते शेवटी म्हणाले, "जो चेहरा तुझ्या हाताला पाठ नाही, असा एखादा शोध."

तसा चेहरा घरातच होता. दोन वर्षांपूर्वी आईला, लक्ष्मीला, लकवा मारून गेला. हातपाय सावरले, तोंड सावरलं नाही. ओठाचा डावा कोपरा खाली उतरला, गाल लोंबला. आळीतल्या प्रत्येक हळदीत सगळ्यांच्या पुढे नाचणारी ही बाई, सख्ख्या पुतण्याच्या हळदीला मांडवामागे भाताच्या टोपांशी बसून राहिली. फोटोला बोलावलं तेव्हा पदर तोंडावर घेऊन उभी राहिली.

त्या ओठाला कुठल्याही मुखवट्यात जागा नव्हती. हे मनात आलं आणि कमलेशला स्वतःची शिसारी आली. पण बुडत्याला काडीचा आधार. शिसारी गिळून त्यानं विचारलं.

"माझा तोंड करनार?" लक्ष्मी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "गौरीवानी?"

"तू बस फक्त," तो म्हणाला. हे काही उत्तर नव्हे, पण तिनं ते होकार म्हणूनच घेतलं.

रोज तो तिला बाइकवर बसवून माणकोलीच्या पुलावरून आणी. ती समोर बसायची, पदर बाजूला सारायची आणि ताठ बघत राहायची. मातीकडे मात्र एकदाही डोकावली नाही. त्यांच्या कारखान्याचा रिवाजच होता, ज्याच्या घरची मूर्ती त्यानं डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती बघायची नाही. आणि ही तर तिचीच होती.

या वेळी हातानं ऐकलं. ओठ उतरला, गाल सैल पडला. परीक्षेच्या आदल्या दिवशी हरिहर सर स्टँडसमोर बराच वेळ उभे राहिले. "हे माणसाचं आहे, कमलेश," ते म्हणाले. "आता हात लावू नकोस." कमलेशनं बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. आनंदानं की भीतीनं, त्याचं त्यालाच कळेना. कारण परीक्षक शिल्प बघतात ते मॉडेल शेजारी बसवून. म्हणजे आईला ते दिसणार होतं.

सकाळी सांगू सांगू म्हणत सगळा पूल संपला. वर्गात आल्यावर त्यानं मातीवरचं ओलं फडकं काढलं. लक्ष्मीनं बघितलं. तेवढ्यात शिपाई सही करायला बोलावून गेला आणि त्याला ऑफिसात जावं लागलं.

परत आला तेव्हा ती स्टँडपाशी उभी होती, अंगठा पाण्यात बुडवून. दर आषाढात कारखान्यातल्या मूर्तींवरून शेवटचा पाण्याचा हात फिरवणं हे तिचंच काम. एखाद्या मूर्तीचा ओठ कलला असेल तर ती कुणाला विचारत बसत नसे. आत्ताही विचारलं नव्हतं. ओठ सरळ झाला होता, गाल वर आला होता. आजाराआधीची लक्ष्मी, जशीच्या तशी.

"तुझा हात घसरला होता रं," ती म्हणाली. "नीट केला मी. आता बरी दिसतंय ना?"

कमलेशनं कान दिला. बाजूच्या वर्गातून परीक्षकांचा आवाज येत होता, म्हणजे अजून वेळ होता. कोपरा खाली ओढायचा, गाल दाबायचा. हाताला आता ते पाठ झालं होतं, अंगठ्याच्या दोन दाबांत भागलं असतं. त्यानं हात उचललासुद्धा. पण ते तिच्याच तोंडाला करायचं होतं, तिच्या देखत, आणि ती तर उत्तराची वाट बघत होती. सगळं गेलं, त्याला वाटलं. आता मरेपर्यंत सोंडा वळायच्या. त्याला ओरडावंसं वाटलं, आईवरच ओरडावंसं वाटलं. हात खाली आला.

"बरी दिसतेस गं आये," तो म्हणाला.

परीक्षक हरिहर सरांबरोबर आत आले. त्यांनी मातीकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या लक्ष्मीकडे पाहिलं, पुन्हा मातीकडे पाहिलं आणि कागदावर लिहायला लागले. हरिहर सरांचा चेहरा पडला.

"कमलेश," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे तोंड कुणी बदललं?"

"मीच, सर," कमलेश म्हणाला, आणि आईचा मातीनं माखलेला अंगठा कुणाच्या नजरेला पडू नये असा तिच्यापुढे येऊन उभा राहिला.